छावणीच्या कुंपणाआतला वारसा : नव्याने जबाबदारी आलेल्यांसाठी

लष्करी तळावर बदलून आलात आणि क्वार्टर, पाणी, गाड्या, गार्ड ड्यूटी यांच्या जोडीला तळावरच्या जुन्या वास्तूही तुमच्या खात्यात आल्या, तर कुठून सुरुवात करायची हे सांगायला सहसा कोणी नसतं. स्टेशन हेडक्वार्टरमधला नवा अधिकारी, एमईएसचा, म्हणजे लष्कराची बांधकामं सांभाळणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसचा, ज्युनिअर इंजिनिअर, कँटोन्मेंट बोर्डाचा ओव्हरसिअर, तळावर काम करायची परवानगी मिळालेला संवर्धनाचा विद्यार्थी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे.

महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात कँटोन्मेंट. शिवाय मुंबईची नौदल गोदी, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हवाई तळ, दारूगोळ्याचे डेपो. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट आजही लष्कराच्या ताब्यात आहे. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ दरम्यान बांधलेला हा दगडी कोट चांदबिबीने मुघलांविरुद्ध लढवला, १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने तो घेतला, आणि १९४२ नंतर नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव यांच्यासारखे नेते याच तटाआड कैदेत होते. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला प्रादेशिक सेनेच्या बटालियनकडे आहे. मुंबईत बॉम्बे कॅसलचे अवशेष आयएनएस आंग्रे या नौदल तळाच्या आवारात आहेत.

या जागा टिकल्या त्या बऱ्याच अंशी कुंपणामुळे. बाहेर शहर वाढलं, तटाला टेकून दुकानं उभी राहिली, जुने वाडे पाडून इमारती आल्या. आत संत्री उभा होता म्हणून निदान जमीन तशीच राहिली. पण त्याच तळावर अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. कोणत्या खोलीत कोण कैदेत होतं, कोणत्या भिंतीत पाणी मुरतं, कोणत्या झाडाखाली जुनी कबर आहे, हे कळेपर्यंत बदलीचा हुकूम येतो आणि माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. बुरूज सहसा एका पावसात पडत नाही. तीन-चार अधिकाऱ्यांच्या कार्यकाळात तो थोडा थोडा सुटत जातो आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपण आलो तेव्हा असंच होतं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत मी नोंदीवर भर दिला आहे. दुरुस्तीला पैसे मिळायला वर्षं लागतात. नोंद मात्र तुम्ही याच महिन्यात करू शकता.

पहिली पायरी : कागद शोधा

वास्तू बघायला जाण्याआधी ती कोणाच्या वहीत आहे ते बघा. तळावरची जमीन सरसकट 'आर्मीची' म्हणून चालत नाही. कँटोन्मेंटच्या हद्दीत जनरल लँड रजिस्टर असतं, म्हणजे जीएलआर. लष्करी जमिनींसाठी मिलिटरी लँड रजिस्टर वेगळं. दोन्हींसाठी डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरच्या, म्हणजे डीईओच्या कार्यालयात जावं लागतं. तिथे प्रत्येक सर्व्हे नंबरपुढे जमिनीचा वर्ग लिहिलेला असतो. ए-१ म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापराची, लष्कराच्या व्यवस्थापनाखालची. बी वर्गाचे पोटप्रकार आहेत, आणि सी वर्ग बोर्डाकडे. एखादी जुनी कबर किंवा विहीर ए-१ मध्ये आहे की बी-४ मध्ये, यावर तिची डागडुजी कोणाच्या खर्चाने होणार हे ठरतं. हे न बघता केलेला प्रस्ताव टेबलाटेबलांवर फिरत राहतो.

'ओल्ड ग्रँट'चे बंगले हा त्यातला नाजूक भाग. जमीन सरकारची आणि वर उभी असलेली वास्तू खासगी, अशी ही जुनी व्यवस्था. पुणे कँटोन्मेंटमध्ये व्हरांडा, मंगलोरी कौलं आणि मागे आउटहाउस असलेला बंगला दिसला तर आधी हाच प्रश्न विचारा. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून कँटोन्मेंटचे नागरी भाग वेगळे काढायला सुरुवात झाली. असा बदल तुमच्या स्टेशनवर होणार असेल तर कोणती जुनी वास्तू कुंपणाच्या कोणत्या बाजूला जाणार, याची यादी तो होण्याआधी तयार हवी. नंतर ती कोणाच्याच यादीत सापडत नाही.

पुढचा कागद एमईएसच्या तळावरच्या प्रमुखाकडे, म्हणजे गॅरिसन इंजिनिअरकडे. एमईएसच्या दप्तरी प्रत्येक इमारतीला नंबर असतो, बांधकामाचं साल असतं, कधी कधी मूळ नकाशाही असतो. साल डोळे झाकून मानू नका. पुष्कळदा ते इमारत पहिल्यांदा रजिस्टरवर आली ते साल असतं.

तळाबाहेरही जा. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, मुंबईच्या अभिलेखागारात इलाख्याचे लष्करी आणि सार्वजनिक बांधकामाचे कागद आहेत. १८८० च्या दशकातली जिल्हा गॅझेटिअरं बहुतेक जुन्या छावण्यांचं वर्णन करतात : बराकी किती, चर्च कोणतं, पाणी कुठून येतं. मोडी वाचणारा माणूस सोबत मिळाला तर कागद दुप्पट बोलतात. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये खडकीला आणि सीताबर्डीला लढाया झाल्या. त्यांची इंग्रजी टिपणं हाताशी असतात म्हणून सगळे तीच उतरवतात. मराठी बाजूचे कागद उघडले की तळाच्या माहितीफलकावरचा मजकूरही बदलावासा वाटेल.

दुसरी पायरी : पायी फिरा, आणि वारसा म्हणजे काय ते ठरवा

जिप्सीतून दिसतो तो किल्ला आणि चर्च. बाकीचं पायी फिरल्यावर दिसतं. जुन्या छावणीत फिरताना माझी नजर या गोष्टींवर असते : जाड भिंतींची जुनी दारूगोळ्याची कोठारं, घोड्यांच्या पागा, पाण्याचे हौद आणि खापरी नळ, हद्दीचे कोरीव दगड, मैलाचे दगड, गेटवर शोभेला ठेवलेल्या तोफा, भिंतीतल्या स्मृतिशिळा, युनिटचं मंदिर, पिराचं थडगं, स्मशानभूमी आणि दफनभूमी, शंभर वर्षांपूर्वीच्या वडाच्या रांगा. आणि छावणी येण्याआधीचं गाव. जमीन संपादन झाली तेव्हा माणसं गेली, पण ग्रामदैवत, वीरगळ आणि सतीशिळा तिथेच राहिल्या. वर चंद्र-सूर्य आणि खाली लढाईचे थर कोरलेला दगड दिसला तर तो वीरगळ. काटकोनात उभा हात, मनगटात बांगड्या कोरलेल्या असल्या तर सतीशिळा. हे दगड अनेकदा कंपनीच्या बागेत कुंडीशेजारी सजावटीला आणून ठेवलेले असतात. मूळ जागा कुणाला आठवत असेल तर आजच लिहून घ्या.

विदर्भातल्या तळांवर आणखी एक सांगायला हवं. नागपूरच्या आसपास, जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट अशा ठिकाणी लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत : ओबडधोबड दगड गोलाकार मांडलेले, आत दफन. नवख्या माणसाला ते नुसते विखुरलेले धोंडे वाटतात. छावणीत रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचे दगड लावायची आपली जुनी आवड आहे, आणि त्यासाठी फटीगला, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, निघालेली तुकडी माळावरचे सगळ्यात सोयीचे दगड उचलते. दगड उचलण्याआधी ते वर्तुळात आहेत का, एवढं एकदा उंचावरून पाहून घ्या.

विसाव्या शतकाला वगळू नका. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतला सुदान ब्लॉक दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने दिलेल्या देणगीतून उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. कायद्याच्या शंभर वर्षांच्या मोजपट्टीत तो बसत नाही, पण त्याच्या मोलाबद्दल कुणाला शंका असेल असं वाटत नाही. आणि वारसा फक्त दगडाचाच असतो असंही नाही. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये लिलावात भंगारात गेली. तिच्यावर शाळेच्या सहलीने चढलेली एक अख्खी पिढी आहे. तिची आठवण काढताना मला अजून वाईट वाटतं.

फिरताना माणसांशी बोला. अधिकारी बदलतात, पण माळी, धोबी, सफाई कर्मचारी, सदर बाजारातले शिंपी आणि दूधवाले यांची कुटुंबं तीन-तीन पिढ्या छावणीच्या आधाराने राहिलेली असतात. कोणत्या विहिरीला पूर्वी मोट होती, कोणत्या बराकीत कैदी ठेवायचे, हे त्यांना विचारा. कोणी सांगितलं आणि कधी, हे नोंदीत लिहा, म्हणजे पुढच्याला ऐकीव काय आणि कागदावरचं काय ते कळेल.

फोटोंची एक अट. तळ हे प्रतिबंधित ठिकाण आहे, शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा लागू आहे. लेखी परवानगी घ्या, ड्रोन विसरा, फोनमधली स्थाननोंद बंद करा, आणि फोटोच्या चौकटीत अँटेना, दारूगोळ्याचं कोठार, गार्ड पोस्ट येणार नाही असा कोन निवडा. रजिस्टर दोन प्रतींत करणं सगळ्यात बरं : एक स्टेशनमध्ये राहणारं, नकाशासकट पूर्ण, दुसरं पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाला देता येईल असं, ज्यात वास्तू आहे पण आजूबाजूचं लष्करी काही नाही. हे पहिल्याच दिवशी वेगळं केलं नाही तर पुढे सुरक्षेच्या कारणाने अख्खं रजिस्टरच कुलपात जातं.

तिसरी पायरी : कायदा काय म्हणतो

'डिफेन्सची जमीन आहे, आपल्याला पुरातत्त्वाचा कायदा लागू नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. ते चूक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित असेल, तर जमीन कोणाचीही असो, संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही २०१० ची दुरुस्ती लागू होते. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, मग ती पहाऱ्याची पक्की चौकी का असेना. आधीपासूनच्या इमारतीची दुरुस्ती करता येते, पण सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, आणि ती राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर मिळते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

राज्याच्या यादीतल्या वास्तूंसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालय. म्हणून रजिस्टरमध्ये प्रत्येक वास्तूपुढे केंद्र संरक्षित, राज्य संरक्षित की असंरक्षित हे लिहा. तळावरच्या बहुतेक गोष्टी असंरक्षितच निघतील. त्यांच्या वाट्याला स्टेशन कमांडरच्या स्टँडिंग ऑर्डरशिवाय, म्हणजे कायम लागू राहणाऱ्या लेखी हुकुमाशिवाय, दुसरं संरक्षण नाही.

शंभर वर्षांपूर्वीची तोफ, मूर्ती, शिलालेख, मेसमधली तलवार, या १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. निवृत्त होणाऱ्या किंवा परदेशातून आलेल्या पाहुण्याला असली वस्तू स्मृतिचिन्ह म्हणून देण्याचा मोह कुठल्याही मेसला होऊ नये. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. खोदताना नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे आणि कळवायचं ते जिल्हाधिकाऱ्यांना.

चौथी पायरी : रंग, सिमेंट, पिंपळ आणि पाणी

इथे जरा थांबून वाचा, कारण तळावरचं बहुतेक नुकसान याच चार गोष्टींनी होतं, आणि तेही चांगल्या हेतूने.

व्हीआयपी भेट ठरली की रंगाचे डबे उघडतात. खाली गेरू, वर चुना, कडेला काळी रेघ. साधी चुन्याची सफेदी भिंतीला फारशी मारत नाही, ती श्वास घेऊ देते. घात करतो तो ऑइल पेंट आणि प्लॅस्टिक इमल्शन. बेसॉल्टच्या किंवा विटांच्या जुन्या भिंतीत ओल असतेच. बाहेरून रंगाचा पापुद्रा चढला की ती ओल आतच कोंडते, क्षार वर येतात, चुन्याच्या दरजा भुसभुशीत होतात. चार वर्षांनी रंग फुगतो, आणि आपण पुन्हा रंग देतो. कोरीव शिलालेखावर तर रंगाचे तीन हात बसले की अक्षरं गेलीच.

एमईएसमध्ये रंगरंगोटी ही 'पिरिऑडिकल सर्व्हिसेस'मध्ये येते, म्हणजे ठरावीक वर्षांनी ती आपोआप निविदेत पडते. कुणी वाईट ठरवून करत नाही. इमारतीचा नंबर यादीत असतो म्हणून कंत्राटदार येतो आणि रंगवून जातो. तेव्हा आल्याबरोबर गॅरिसन इंजिनिअरला भेटा, पुढच्या चक्राची यादी मागा, आणि वारसा-रजिस्टरमधले इमारत-नंबर तिच्यातून लेखी बाहेर काढून घ्या. या एका पत्राने वाचतं तेवढं मोठ्या दुरुस्तीनेही वाचत नाही.

दुसरं सिमेंट. जुनं बांधकाम घाणीच्या चुन्यात आहे. चुनकळी विरवून, वाळूबरोबर घाणीत मळून, कधी गूळ, बेलफळ किंवा हिरड्याचं पाणी घालून केलेला तो चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि उन्हा-पावसात भिंतीबरोबर थोडा हलतो. त्या दरजांत सिमेंट भरलं की सांधा दगडाहून कडक होतो, पाणी सांध्यातून बाहेर पडायच्या ऐवजी दगडातून पडतं आणि दगडाच्या कडा ढासळतात. एमईएसच्या दरसूचीत सिमेंटच्या बाबी तयार असतात म्हणून अंदाजपत्रकात त्याच उतरतात. चुन्याचं काम हवं असेल तर वेगळी बाब, दर-विश्लेषणासकट, घालून घ्यावी लागते. गवंडीही चुन्यात हात बसलेला हवा. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई, औरंगाबाद किंवा नागपूर मंडळाच्या कार्यालयाला पत्र लिहून त्यांच्या कामावर असलेल्या कारागिरांची चौकशी करा. भिंतीच्या कोपऱ्यात हातभर तुकडा नमुन्याला करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग पुढचं.

पिंपळ आणि उंबर. करंगळीएवढं रोप हिवाळ्यात हाताने उपटून निघतं. मनगटाएवढं झालं की ओढू नका, त्याच्याबरोबर अर्धा बुरूज येईल. खोड कापून बुंध्यावर योग्य ते औषध जाणकाराकडून लावून घ्यायचं, मूळ मेल्यावर गरज पडली तर दगड नंबर घालून उतरवायचे, आणि पोकळी चुन्याने भरायची. नुसता शेंडा छाटला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतो. भिंतीवरून हिरवळ गेलेली दिसते, म्हणून तपासणीत मात्र ते काम झालं असं धरलं जातं.

पाणी. मे महिन्यात तुमच्या यादीतल्या प्रत्येक छपरावर चढा. पन्हळी मोकळ्या आहेत का, फुटलेली कौलं किती, जोत्याभोवती माती चढून पाणी भिंतीकडे वळतंय का. बाकी काही जमलं नाही तरी एवढं दरवर्षी करा. आणि पावसाच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन पुन्हा तिथे उभे राहा. कुठे मुरतंय ते तेव्हाच डोळ्यांनी दिसतं.

तोफांबद्दल थोडं वेगळं. बिडाची तोफ जमिनीला टेकलेली नको, दगडी आधारावर हवी, आणि तोंड किंचित खाली, म्हणजे नळीत पाणी साठत नाही. काशाच्या किंवा पितळी तोफेला रंग अजिबात नको. हात लावण्याआधी आत काही भरलेलं आहे का हे बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाकडून तपासून घ्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली तोफ २०१३ मध्ये साफ करायला घेतली तेव्हा आत दारू आणि गोळा दोन्ही निघाले. पितळी स्मृतिपट्ट्यांचं दुखणं उलट आहे : दर आठवड्याच्या ब्रासो पॉलिशने त्या इतक्या चकाकतात की नावं पुसट होत जातात. चकाकी आठवड्यावरून वर्षावर आणा आणि आधी अक्षरांचा स्पष्ट फोटो, बाजूने तिरका उजेड टाकून, काढून ठेवा.

दफनभूमीत गवत जाळू नका, उष्णतेने दगड तडकतो. खडकीची युद्ध दफनभूमी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. शेजारच्या जुन्या छावणी-दफनभूम्या त्यांच्याकडे असतीलच असं नाही. कोणाची जबाबदारी आहे ते पहिल्या पायरीतल्या कागदात बघा.

पाचवी पायरी : सरावाची जमीन

इराकमध्ये २००३ नंतर बाबिलोनच्या अवशेषांवरच लष्करी तळ पडला. तिथे खंदक खणले गेले, अवशेषांची माती वाळूच्या पोत्यांत भरली गेली, बाहेरून खडी आणून पसरली गेली आणि प्राचीन मिरवणूक-मार्गाच्या विटा जड गाड्यांखाली फुटल्या. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी पाहणी करून हे सगळं नोंदवलं. खडीचा मुद्दा नवख्याच्या लक्षात येत नाही, पण तो मोठा आहे. बाहेरची खडी आणि माती एकदा मिसळली की पुढे उत्खनन करणाऱ्याला कोणता थर कशाचा हे सांगता येत नाही.

आपल्या सराव क्षेत्रांवर यावरून तीन गोष्टी ठरवता येतात. जिथे काही आहे अशी शंका आहे ती जागा सरावाच्या नकाशावर 'खोदकाम बंद, गाड्या बंद' म्हणून दाखवायची. काय आहे ते लिहायची गरज नाही, नाहीतर खजिना शोधणारे येतील. पोत्यांची माती कुठून घ्यायची ते आधी ठरवून द्यायचं. आणि काही सापडलं तर काय करायचं हे कार्डावर छापून प्रत्येक प्लाटून हवालदारापर्यंत पोहोचवायचं : काम थांबवा, वस्तू हलवू नका, धुऊ नका, शेजारी मोजपट्टी ठेवून परवानगीच्या कॅमेऱ्याने फोटो, वर ताडपत्री, स्टेशनला निरोप. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी प्लेनच्या सराव क्षेत्रात दोन हजारांहून जास्त पुरातत्त्वीय जागा आहेत आणि तरीही तिथे रणगाडे फिरतात. २०११ पासून जखमी सैनिकांना पुरातत्त्वज्ञांबरोबर उत्खननात घेण्याचा उपक्रमही तिथल्या लष्कराने चालवला आहे. पुण्यात पुरातत्त्व शिकवणारं डेक्कन कॉलेज इतकं जवळ आहे की तसं काही इथेही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपत्ती जपण्याचा १९५४ चा हेग करार भारताने १९५८ मध्ये मान्य केला आहे. शांततेच्या काळातच सैन्याच्या नियमांत ही तरतूद करावी आणि सैन्यात या कामाची माणसं तयार करावीत, असं त्याचं सातवं कलम सांगतं. वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवताना हे कलम उद्धृत करा, उपयोगी पडतं.

सहावी पायरी : दार कधी आणि कसं उघडायचं

सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतो : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. आधीपासून माहीत असलेले दिवस, ठरलेली वाट, गेटवर तपासणी. ही पद्धत मला आवडते, कारण ती कुणाच्या मर्जीवर नाही. अधिकारी बदलला तरी तारीख तीच. प्रयागराजच्या किल्ल्यात लष्कराचा डेपो आहे, तरी तिथला अक्षयवट २०१९ च्या कुंभमेळ्यापासून भाविकांसाठी खुला झाला.

उलट उदाहरण अंजदीव बेटाचं. गोव्याच्या हद्दीतलं, कारवारपासून जवळ. पोर्तुगीज किल्ला आणि ब्रोतास सायबिणीचं, म्हणजे मेरीचं, चर्च असलेलं. काणकोणकडचे लोक तिथल्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, होड्यांनी जात. बेट नौदलाच्या ताब्यात आलं आणि ती वाट अडली. तळाच्या सुरक्षेचं कारण खरं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्यांचं दुःखही खरं आहे. तुमच्या हद्दीत असं देऊळ, दर्गा किंवा चर्च असेल तर जत्रा किंवा उरूस कधी, पुजारी-मुजावर कोण, गावातून किती माणसं येतात, हे आल्याबरोबर विचारा. सरपंचांना चहाला बोलवा. वर्षातला एखादाच दिवस, ठरलेल्या वेळी, आधार कार्डाची यादी आधी घेऊन, सोबत एस्कॉर्ट देऊन, फोन गेटवर ठेवून घेऊन, आत प्यायच्या पाण्याची सोय करून : इतकं लिहून स्टँडिंग ऑर्डरमध्ये घातलं की दरवर्षी नव्याने भांडण होत नाही.

गावकरी दगडाला शेंदूर लावत असतील तर लावू द्या. पूजेतला दगड आणि संग्रहालयातला दगड यांचे नियम सारखे नसतात. मात्र त्याच्यावर संगमरवरी टाइल्सची घुमटी बांधायला कुणी, युनिटनेसुद्धा, घेतली तर आधी मूळ दगडाची नोंद आणि मोजमाप झालं आहे का ते पाहा.

आणि वापर. जी वास्तू वापरात आहे तिची कौलं कुणीतरी बदलतं. मुंबईच्या गोदीतलं डंकन डॉक दोनशे वर्षांनंतरही कामाचं राहिलं. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने याच गोदीत बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. रिकामी बराक दिसली तर ती पाडायचं ठरवणारा अधिकाऱ्यांचा बोर्ड बसण्याआधी तिच्यात लायब्ररी, युनिटचं संग्रहालय किंवा शाळेचा वर्ग बसतो का ते बघा. दिल्लीच्या लाल किल्ल्यातून लष्कर २००३ च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडलं आणि १८५७ नंतर ब्रिटिशांनी महाल पाडून बांधलेल्या त्या बराकींतच पुढे संग्रहालयं आली. त्या बराकीही आता इतिहासच आहेत.

सातवी पायरी : बदलीच्या आधी

रजिस्टर तुमच्या लॅपटॉपमध्ये असेल तर ते नाहीच असं समजा. बांधीव, पानांना नंबर घातलेली वही करा. एक प्रत स्टेशन हेडक्वार्टरला, एक गॅरिसन इंजिनिअरकडे, एक डीईओकडे. हँडिंग-टेकिंग ओव्हरच्या यादीत तिचं नाव घालून घ्या, म्हणजे शस्त्रं आणि फर्निचरप्रमाणे तीही सही करूनच पुढच्याकडे जाईल.

प्रत्येक वास्तूसाठी दोन पानं पुरतात. पहिल्यावर नंबर, जागा, जमिनीचा वर्ग, कायदेशीर दर्जा, इतिहास आणि तो कोणत्या कागदावरून. दुसऱ्यावर दरवर्षी एकाच ठिकाणी उभं राहून, पावसाळ्याआधी आणि नंतर काढलेला फोटो, आणि त्या वर्षात झालेलं काम : कोणी केलं, कोणत्या मालात, किती खर्चात. फोटो काढायची जागा जमिनीवर छोट्या खुणेने पक्की करा. भेग वाढते आहे का हे पाहायला चुन्याचा पातळ पट्टा भेगेवर आडवा ओढून त्यावर तारीख लिहा; पट्टा तुटला तर भिंत हलते आहे, आणि मग संरचना अभियंत्याला बोलवायला वेळ लावू नका.

शेवटच्या आठवड्यात नव्या अधिकाऱ्याला फाइल देऊन मोकळं होऊ नका. त्याला वही हातात देऊन एक पूर्ण सकाळ तळावर पायी फिरवा. सोबत तो जुना माळी असू द्या, गॅरिसन इंजिनिअरचा माणूस असू द्या. जिथे पाणी मुरतं ती भिंत, जिथे खणायचं नाही तो माळ, जत्रेचं देऊळ आणि पुढच्या रंगाच्या निविदेतून काढलेले इमारत-नंबर, एवढं त्याला जागेवर दाखवा आणि वहीच्या त्या दिवसाच्या पानावर दोघांच्या सह्या घ्या.